ओळखींची गर्दी आणि मनाचे आरोग्य

झोप लागत नाही, डोके जड राहते, छातीत धडधडते, कामात लक्ष लागत नाही, अशा तक्रारी घेऊन माणूस दवाखान्यात आला की डॉक्टर काही ठरावीक प्रश्न विचारतात. चहा दिवसातून किती वेळा होतो? तंबाखू, मिश्री आहे का? रक्तदाब शेवटचा कधी तपासला? घरात काही काळजी? आता या प्रश्नांत आणखी एकाची भर घालावी लागते. रात्री अंथरुणावर पडल्यावर मोबाइल किती वेळ पाहता आणि त्यात कोणाकोणाचे पाहता?

यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. मोबाइल किती वेळ पाहावा याविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते. परंतु त्या मोबाइलमध्ये आपण कोणाकोणाला कायमची जागा करून दिली आहे, याचा हिशेब फारसे कोणी करीत नाही. घरातील माळा आपण दिवाळीला झाडतो. औषधांच्या डब्यातील मुदत संपलेल्या गोळ्या फेकून देतो. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्रामवरील माणसांची यादी मात्र वर्षानुवर्षे वाढतच राहते. ती अधूनमधून चाळणे, काहींना बाजूला ठेवणे आणि काहींना काढून टाकणे हा मनाच्या आरोग्याचाच एक भाग आहे. आजच्या लेखात त्याचा विचार करू.

यादी कशी फुगते?

पूर्वी ओळख व्हायला वेळ लागे आणि टिकवायला कष्ट पडत. पेठेतला शेजार, तालमीतली मंडळी, शाळासोबती, बाजारातले दुकानदार, पै-पाहुणे असे ओळखीचे वर्तुळ असे. बदली झाली, गाव सुटले की काही ओळखी आपोआप विरळ होत. त्यात कोणाचा अपमान नव्हता. विसरणे हाही निसर्गाने दिलेला आरामच आहे.

फेसबुक २००४ साली आणि व्हॉट्सॲप २००९ साली सुरू झाले. त्यानंतर ही विरळ होण्याची क्रिया थांबली. एकदा नंबर साठवला की तो साठवलेलाच राहतो. कधीकाळी प्लॉट दाखवलेला एजंट, प्रवासात भेटलेले गृहस्थ, जुन्या ऑफिसातला वरिष्ठ, मोडलेल्या सोयरिकीतली माणसे, सगळे एकाच यादीत शेजारी शेजारी बसलेले असतात. शिवाय ग्रुप निराळेच. भावकीचा एक, तालीम मंडळाचा एक, दहावीच्या बॅचचा एक, भिशीचा एक, दूध संस्थेचा एक, अपार्टमेंटचा एक. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसे मावतात आणि फेसबुकवर ५,००० मित्र करता येतात. तंत्राने जागा दिली, मन मात्र तेवढेच राहिले.

मनाची ही मर्यादा किती? ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी एक अंदाज मांडला. माणसाला साधारण १५० जणांशीच खरेखुरे, परस्परांची खबरबात असलेले संबंध ठेवता येतात, असे त्यांचे म्हणणे. त्यातही आतल्या वर्तुळात सुमारे ५ जण अगदी जिवाभावाचे, त्याबाहेर १५ च्या आसपास जवळचे आणि पुढे ५० च्या आसपास स्नेही. या आकड्यांवर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, तेव्हा ते तराजूत घालून मोजू नयेत. परंतु जिवाभावाची माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते.

भीड आडवी येते

मग माणसे काढून का टाकत नाहीत? कारण एकच, भीड. 'काढले तर त्याला काय वाटेल?', 'उद्या लग्नात समोर आला तर?', 'भावकीत बोभाटा होईल.' कोल्हापूरसारख्या शहरात, जिथे शिवाजी पेठेतला माणूस राजारामपुरीत गेला तरी दोन ओळखीचे भेटतात, ही भीड जास्तच असते. परंतु भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे उगीच म्हटलेले नाही. भिडेखातर आपण पैसे उसने देतो, भिडेखातर नको असलेले पान खातो आणि भिडेखातर रोज रात्री नको असलेल्या माणसाचे नको असलेले बोलणे वाचत बसतो.

गंमत अशी, की ही भीड पुष्कळ अंशी अनाठायी आहे. फेसबुकवर आपण कोणाला मित्रयादीतून काढले (ज्याला अनफ्रेंड म्हणतात), तर त्या व्यक्तीला तशी सूचना जात नाही. इन्स्टाग्रामवर अनुयायी कमी केला तरी जात नाही. व्हॉट्सॲपवर नंबर ब्लॉक केला तरी जात नाही. ग्रुपमधून बाहेर पडले की पूर्वी सर्वांना दिसे. २०२२ पासून ती सूचना फक्त ग्रुप चालवणाऱ्या ॲडमिनला जाते. (मात्र मागील ६० दिवसांत कोण बाहेर पडले, त्यांची यादी ग्रुपमधील सदस्यांना शोधली तर सापडते.) 'काढले' म्हणजे 'दवंडी पिटली' असे नव्हे.

शरीरावर परिणाम कसा होतो?

वाचकांना वाटेल, एखाद्याचे फोटो पाहिल्याने शरीराला काय होणार? त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग तुलनेचा. दुसऱ्याकडे पाहून स्वतःचे माप काढणे हा मनुष्यस्वभाव आहे. लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच त्याविषयी सिद्धान्त मांडला होता. पूर्वी तुलना शेजाऱ्याशी व्हायची आणि शेजाऱ्याचे कर्ज, आजारपण, घरातली भांडणेही आपल्याला माहीत असत. आता यादीतल्या पाचशे जणांचे फक्त लग्नसमारंभ, नव्या गाड्या, परदेशवाऱ्या आणि मुलांचे टक्के दिसतात. नोकरी गेलेला, परीक्षेत मागे पडलेला, मूल होण्यासाठी उपचार घेणारा माणूस हे रोज पाहतो आणि मनातल्या मनात खचतो.

दुसरा मार्ग संतापाचा. राजकारण, जात, धर्म, भावकीतील वाटणी, सोसायटीची निवडणूक, अशा विषयांवर रात्री दहा वाजता ग्रुपमध्ये वाद पेटतो. समोर माणूस नसला तरी शरीराला ते भांडणच वाटते. ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, पोटात आम्लता वाढते. अशा अवस्थेत अंथरुणावर पडले तर तासभर कूस बदलण्यात जातो. प्रौढ माणसाला साधारण सात ते आठ तास झोप लागते. ती रोज तासा-दीड तासाने कमी झाली, तर मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांचे औषध चालू असूनही आकडे ताळ्यावर येत नाहीत.

तिसरा मार्ग प्रतीक्षेचा. निळ्या खुणा दिसल्या, वाचले, मग उत्तर का नाही? स्टेटस पाहिले, मग बोलत का नाही? तुटलेल्या मैत्रीत, फिसकटलेल्या प्रेमात, सासर-माहेरच्या रुसव्यात ही वाट पाहणे फार जाळते. जखमेवरची खपली रोज काढली, तर ती भरणार कशी?

या बाबतीत काही चांगले प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्याच्या आसपास विद्यार्थ्यांना फेसबुक, इन्स्टाग्राम व स्नॅपचॅट यांचा वापर प्रत्येकी दिवसाला दहा मिनिटांवर आणायला सांगितले. तीन आठवड्यांनी त्यांच्यातील एकटेपणाची व उदासीची भावना इतरांपेक्षा कमी झालेली आढळली. दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगात चार आठवडे फेसबुक बंद ठेवणाऱ्यांना रोज सुमारे तासभर मोकळा मिळाला आणि मनाचे समाधान वाढले. वाढ थोडी होती, पण होती. म्हणजे हा काही रामबाण उपाय नव्हे. परंतु ज्याला त्रास होतो आहे, त्याने करून पाहावा असा बिनखर्चाचा उपाय निश्चित आहे.

एका स्टेटसची किंमत

यादीतील माणूस आपल्या घरात काय आणतो, याची मोठी उदाहरणे आपल्या राज्यातच घडली आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात भिक्षुकी करणाऱ्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. तशा अफवा त्या वेळी मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. आपल्या कोल्हापुरात जून २०२३ मध्ये काही जणांनी ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसवरून वातावरण तापले. ७ जूनला बंद, दगडफेक, लाठीमार झाला आणि इंटरनेट सेवा थांबवावी लागली. हातावर पोट असलेल्यांचे त्या काळात जे नुकसान झाले, ते वेगळेच.

अफवा हवेतून येत नाही, ती यादीतल्या माणसाकडूनच येते. खोटी व चिथावणीची माहिती वारंवार पाठवणारा माणूस कितीही जवळचा असला, तरी त्याच्याकडून येणारा ओघ बंद करणे हे स्वतःच्या झोपेपुरते नव्हे, तर गावाच्या आरोग्यासाठीही आवश्यक आहे.

इशारा पातळी आणि धोका पातळी

कोल्हापूरकरांना पंचगंगेची भाषा चटकन समजते. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेले की धोका पातळी. इशारा मिळताच सामान आवरायला घेणारा सुखरूप राहतो. मनाच्या बाबतीतही तसेच पाहावे.

*इशारा पातळीची लक्षणे:* ठरावीक माणसाचे नाव पडद्यावर दिसताच कपाळावर आठी पडणे. एखाद्याचे फोटो पाहिल्यावर स्वतःचे घर, नवरा-बायको, मुले कमी वाटू लागणे. ग्रुपमधील वाद जेवताना डोक्यात घोळणे. एखाद्याने स्टेटस पाहिले की नाही, हे पुनःपुन्हा तपासणे. सकाळी तोंड धुण्यापूर्वी फोन हाती घेणे.

*धोका पातळीची लक्षणे:* आठवड्यातून तीन-चार वेळा झोप मोडणे. भूक मंदावणे. फोन वाजताच छातीत धडधडणे. घरातल्यांवर विनाकारण चिडणे. कोणी धमकावणे, पैसे मागणे, फोटो पसरवण्याची भीती घालणे. मुलाने किंवा मुलीने फोन लपवणे, शाळा-कॉलेज टाळणे, खोलीत कोंडून घेणे. 'जगण्यात अर्थ नाही' असे विचार मनात येणे.

इशारा पातळीला यादी आवरायला घ्यावी. धोका पातळीला यादी आवरून भागत नाही. घरच्या विश्वासू माणसाला सांगावे आणि डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मराठीतूनही बोलता येते.

कोणाला ठेवावे?

काढण्यापूर्वी ठेवायचे कोण ते ठरवावे. औषध निवडताना जसा गुण आणि अपाय दोन्ही पाहतात, तसेच हे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो. तेव्हा सरसकट सगळ्यांना काढून टाकणे हा उपाय नसून नवा रोग आहे.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर आठवावेत. महामार्ग बंद, चिखली-आंबेवाडीला पाण्याचा वेढा, शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे पाण्यात. त्या दिवसांत ज्यांचे फोन उपयोगी पडले त्यांत जिवलग मित्र होते, तसे गल्लीतले साधे ओळखीचेही होते. कोणाकडे नाव आहे, कोणाच्या माडीवर जागा आहे, दूध कुठे मिळते, आजीच्या इन्शुलिनसाठी बर्फ कोणाकडे आहे, हे ग्रुपवरूनच कळत होते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिले, की नोकरीसारखी नवी माहिती पुष्कळदा जवळच्यांकडून नव्हे, तर लांबच्या ओळखीतून मिळते. म्हणून क्वचित बोलणारा माणूस निरुपयोगी समजू नये.

तेव्हा तीन प्रश्न विचारावेत. पुराच्या रात्री मी याला फोन करीन का, किंवा हा मला करील का? याचे बोलणे वाचल्यावर माझा दिवस बरा जातो की बिघडतो? हा माणूस खरोखर कोण आहे, हे मला ठाऊक आहे का? पहिल्याचे उत्तर 'हो' असेल तर तो नंबर जपून ठेवावा. दुसऱ्याचे उत्तर 'बिघडतो' असेल तर अंतर वाढवावे. तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल तर त्याला काढावे.

अंतर किती ठेवावे? घराचा दाखला

आपल्या जुन्या घरांत सोपा, माजघर आणि स्वयंपाकघर अशी रचना असे. येणाऱ्या प्रत्येकाला कुठवर येऊ द्यायचे, हे घरच्या बाईला न सांगता कळत होते. त्यात उर्मटपणा नव्हता, व्यवस्था होती. तीच येथे लावावी.

१) *माजघरातली माणसे.* यांची संख्या पाच ते पंधरा असावी. यांच्या संदेशाची घंटी चालू ठेवावी. बाकी सर्वांची बंद केली तरी चालते.

२) *सोप्यातली माणसे.* नाते तोडायचे नाही, पण रोजचा ओघ नको. व्हॉट्सॲपवर अशा व्यक्ती व ग्रुप 'म्यूट' करावेत. आठ तास, एक आठवडा किंवा कायमचे, असे तीन पर्याय मिळतात. 'अर्काइव्ह' केले तर ते संभाषण समोरच्या यादीतून हलून बाजूला जाते. नको असलेले स्टेटसही त्या नावावर बोट दाबून धरल्यास म्यूट करता येते. फेसबुकवर 'अनफॉलो' केल्यास माणूस मित्रयादीत राहतो, मात्र त्याचे लिखाण-फोटो आपल्यासमोर येत नाहीत. इन्स्टाग्रामवर 'रिस्ट्रिक्ट' हा पर्याय आहे. त्यात त्या व्यक्तीने आपल्या फोटोखाली लिहिलेला नवा शेरा आपण परवानगी देईपर्यंत इतरांना दिसत नाही. भावकी, सासरची मंडळी, ऑफिसातले वरिष्ठ यांच्यासाठी ही पायरी उत्तम.

३) *उंबऱ्याबाहेरची माणसे.* जुने, कामापुरते, अनोळखी. यांना काढून टाकावे. फेसबुकवर 'अनफ्रेंड' करावे. व्हॉट्सॲपसाठी फोनमधील नंबर पुसला तरी पुष्कळ काम होते, कारण एकमेकांचे स्टेटस दिसण्यासाठी दोघांकडे एकमेकांचा नंबर साठवलेला असावा लागतो. आपला फोटो व 'लास्ट सीन' फक्त 'माय कॉन्टॅक्ट्स'ना दिसेल अशी व्यवस्था केली असेल, तर नंबर पुसलेल्या माणसाला तेही दिसेनासे होते. परंतु जुने संभाषण आपोआप पुसले जात नाही. ते वेगळे काढावे लागते.

४) *दाराला कडी.* त्रास देणारा, घाणेरडे बोलणारा, धमकावणारा, फसवणारा. याला 'ब्लॉक' करावे. व्हॉट्सॲपवर ब्लॉक केले, तरी दोघे एकाच ग्रुपमध्ये असाल तर तिथले बोलणे दिसतच राहते. तसेच साधा फोन येऊ शकतो. तो नंबर फोनच्या व्यवस्थेतून निराळा बंद करावा लागतो.

आणखी एक गोष्ट आजच करून ठेवावी. व्हॉट्सॲपच्या 'प्रायव्हसी' भागात ग्रुपविषयी पर्याय असतो. तेथे 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडल्यास अनोळखी माणसाला आपल्याला परस्पर ग्रुपमध्ये ओढता येत नाही. झटपट नफ्याच्या शेअर बाजाराचे आमिष दाखवणारे ग्रुप अशाच मार्गाने माणसे गोळा करतात. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

किती दिवसांत करावे?

एका बैठकीत पाचशे नावे काढायला बसू नये. संतापाच्या भरात तर मुळीच नको. रोज चहाच्या वेळी दहा नावे पाहावीत. ज्याच्याविषयी मन द्विधा आहे त्याला आधी महिनाभर म्यूट करावे. महिन्यात आठवणही झाली नाही, तर काढावे. चुकचुकल्यासारखे वाटले, तर ठेवावे आणि एकदा प्रत्यक्ष फोन करावा. पुष्कळदा त्या एका फोनने जे काम होते ते वर्षभराच्या 'शुभ सकाळ'ने होत नाही.

यादी आवरण्याबरोबर वेळही आवरावा. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव (तालुका कडेगाव) या गावाने २०२२ साली संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला आणि त्याची चर्चा देशभर झाली. सगळ्या गावाने ठरवल्यामुळे एकट्यादुकट्याला भीड उरली नाही, हे त्यातले मर्म. घरापुरता असा भोंगा कोणालाही वाजवता येईल.

मुले, स्त्रिया आणि वडीलधारी

*मुलांच्या बाबतीत:* मित्रांनी ग्रुपमधून काढले, म्हणून मुलगी जेवत नाही, हे ऐकून आई-वडील हसतात. हसू नये. २००३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संगणकावरील चेंडूफेकीच्या खेळात ज्यांना मुद्दाम वगळले गेले, त्यांच्या मेंदूत शारीरिक वेदनेशी संबंधित भागात हालचाल वाढलेली दिसली. वगळले जाणे खरोखरच दुखते. 'त्यात काय एवढे?' असे म्हणण्याऐवजी शेजारी बसून ऐकून घ्यावे. आणि आपल्या मुलाने दुसऱ्याला हिणवून ग्रुपबाहेर काढले असेल, तर त्यालाही समज द्यावी. संबंध कमी करणे वेगळे आणि चारचौघांत अपमान करणे वेगळे.

*स्त्रियांच्या बाबतीत:* वारंवार संदेश, नकार दिल्यावरही पाठलाग, फोटोंची मागणी हा गुन्हा होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये मोबाइल-इंटरनेटवरून केलेला पाठलागही येतो. अशा वेळी संदेश पुसण्यापूर्वी पडद्याचे फोटो, तारीख व नंबर जपून ठेवावेत, मगच ब्लॉक करावे. पुरावा पुसला तर तक्रार लंगडी पडते. तातडीच्या प्रसंगी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. हे एकटीने सोसू नये. दोष पाठवणाऱ्याचा आहे, फोन बाळगणारीचा नव्हे.

*वडीलधाऱ्यांच्या बाबतीत:* निवृत्त माणसाला व्हॉट्सॲप हा मोठा विरंगुळा असतो. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात, अशा घरात तर तो श्वासच. त्यांच्या फोनवरील नावे मुलांनी परस्पर पुसू नयेत. शेजारी बसून, विचारून, एकेक करून आवरावीत. अनोळखी व्हिडिओ कॉल उचलू नये आणि 'मी पोलिस बोलतोय, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे' असे कोणी म्हणाले तर फोन खाली ठेवावा, एवढे मात्र त्यांच्याकडून पाठ करून घ्यावे. अशी अटक कायद्यात नाही.

गेलेल्या माणसाचा नंबर

सर्वात अवघड नाव हे असते. कोरोनाच्या २०२० आणि २०२१ या वर्षांनंतर तर पुष्कळ घरांत असा एक नंबर आहे. आईचा, नवऱ्याचा, जिवलग मित्राचा. तो काढावा का? याला कोणतीही घाई नाही. काही जण तो आवाज, ते शेवटचे संदेश पुनःपुन्हा ऐकतात आणि त्यातून दुःख हलके होते. ते स्वाभाविक आहे. परंतु बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते आणि १२० दिवस वापर नसलेले व्हॉट्सॲप खाते साधारणपणे पुसले जाते. एके दिवशी आईच्या नावासमोर परक्या माणसाचा फोटो दिसला, तर काळजात चर्र होते. म्हणून जपायचे ते आवाज, फोटो, संदेश आधीच दुसरीकडे साठवून घ्यावेत. मग नंबर ठेवायचा की काढायचा, हे मनाने सावकाश ठरवावे. नंबर काढला म्हणजे माणूस काढला, असे होत नाही. वर्ष-दोन वर्षे उलटूनही रोज त्या नंबरवर संदेश पाठवल्याशिवाय दिवस जात नसेल आणि कामधंद्यात लक्ष लागत नसेल, तर मात्र डॉक्टरांशी बोलावे.

नेहमीच्या काही शंका

*भावकीच्या ग्रुपमधून बाहेर पडलो तर लग्न-मयतीची खबर कशी मिळणार?* बाहेर पडू नका. कायमचे म्यूट करा आणि दिवसातून एकदा, संध्याकाळी जेवणापूर्वी चाळा. महत्त्वाची खबर असेल तर फोन येतोच.

*काढलेल्या माणसाने तोंडावर विचारले तर?* खोटे बोलू नये. 'झोपेच्या तक्रारीमुळे मोबाइल कमी केला आहे, काही असेल तर फोन करा,' एवढे पुरे. मधुमेही माणूस लाडू नाकारतो, तेव्हा कोणी रागावत नाही.

*ब्लॉक केल्यावर पश्चात्ताप झाला तर?* ब्लॉक उठवता येतो. मात्र फेसबुकवर मैत्रीची विनंती पुन्हा पाठवावी लागते आणि मधल्या काळात आलेले व्हॉट्सॲप संदेश नंतर मिळत नाहीत.

*मलाच कोणी काढले असेल तर?* कारण शोधत बसू नये. कदाचित तेही झोपेसाठीच आवरत असतील.

थोडक्यात

१. वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि पाडव्याला, यादी आवरावी.
२. आधी म्यूट, मग अनफ्रेंड, शेवटी ब्लॉक. धमकी व फसवणुकीला मात्र थेट ब्लॉक, पुरावा ठेवून.
३. शेजारी, डॉक्टर, औषध दुकान, पुराच्या वेळी उपयोगी पडणारी माणसे कधीही काढू नयेत. त्यांचे नंबर कागदावरही लिहून ठेवावेत.
४. झोपण्यापूर्वी एक तास फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.
५. एक नाव काढले की एका जुन्या स्नेह्याला प्रत्यक्ष भेटावे. रंकाळ्यावर एक फेरी मारली तरी पुरे. गर्दी कमी करण्याचा हेतू माणसे तोडणे हा नसून, उरलेल्या माणसांना वेळ मिळावा हा आहे.